मु. पो. ओफीर

गुरुवार, रँफर्ली, रात्री साडेनऊ

डनेडिनहून निघायला तीन तास उशीर. भाड्याच्या गाडीचं चाक पंक्चर निघालं, ते बदलून मिळेपर्यंत दुपार. पेट्रोल ७८ डॉलर, दोन सँडविच १९, चहा दोनदा ११, खोली १६०. चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पुडी आणि वरून थंड दूध. वारा फार. पामर्स्टनहून आत वळणाऱ्या रस्त्याला पिग रूट म्हणतात, नाव रानडुकरांवरून पडलंय. भाची गाडी चालवते, मी नकाशा धरते. डोळे मिटतायत.

शुक्रवार, रँफर्ली

झोप लागली, म्हणून आज सविस्तर.

हे उंचावरचं कोरडं पठार. १८७६ साली न्यूझीलंडचे प्रांत मोडले आणि काउंट्या आल्या, आपल्या तालुक्यांसारख्या. या पठाराची मॅनिओटोटो काउंटी, डोंगरापलीकडची व्हिन्सेंट काउंटी. १९८९ च्या फेररचनेत दोन्ही गेल्या. नकाशावरून गेल्या, टपालाच्या जुन्या शिक्क्यांवर मात्र इथली जुनी गावं अजून आहेत. त्या गावांसाठीच मी आले आहे.

इथल्या ओढ्यांची नावं वाचून मी सकाळी नकाशा दोनदा पुसून पाहिला. यूबर्न म्हणजे मेंढीचा ओढा. वेडरबर्न खच्ची केलेल्या मेंढ्याचा, गिमरबर्न तरण्या मेंढीचा, हॉगबर्न लोकर पहिल्यांदा कातरायच्या आधीच्या कोकराचा. काइबर्न गाईंचा, सोबर्न डुकरिणीचा. अख्खा गोठा पठारभर पांगलेला! ही नावं जॉन टर्नबुल थॉमसन या सर्वेअरची. नॉर्थम्बर्लंडमध्ये वाढलेला, सिंगापूरला सरकारी नोकरी केलेला हा माणूस १८५७ च्या सुमारास घोड्यावरून या भागाची मोजणी करत फिरला. त्याने आधी माओरी नावं सुचवली होती, ती वरच्या कचेरीने नाकारली, म्हणून चिडून त्याने जनावरांची नावं दिली, अशी गोष्ट इथे सांगतात. खरीखोटी कशीही असो, मला ही नावं आवडली. आपल्याकडचा धनगर ऐकताक्षणी ओळखेल. पण त्यांच्याखाली कुठली माओरी नावं दबली, हे नकाशा सांगत नाही आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी नेझबी. १८६३ मध्ये इथे सोनं सापडलं. खाणकामगार आधी पार्कर्स म्हणत, मग हॉगबर्न, मग माउंट आयडा, शेवटी नेझबी. एका घळीला चार नावं! आयर्लंडातल्या आईने मुलाला पत्र टाकायचं तर पत्ता काय घालायचा? आणि डनेडिनला टपालाची थैली भरणाऱ्याने ते कुठल्या कप्प्यात टाकायचं? सोन्याच्या गर्दीत माणसं आठवड्यात घळ बदलत, नाव मात्र टपालात अडकून राही.

माझे अप्पा ब्रँच पोस्टमास्तर होते, शाळामास्तरकी सांभाळून. त्याआधी आमच्या वाडीला पोस्ट नव्हतं. पत्त्यात ‘मु.’च्या पुढे आमचं नाव आणि ‘पो.’च्या पुढे शेजारच्या मोठ्या गावाचं. लहानपणी मला वाटायचं, आपण त्या गावाचे आश्रित आहोत. पुढे वाडीला पोस्ट मिळालं, तारखेचा शिक्का आला. अप्पांनी तो पहिल्यांदा पत्रावर नव्हे, हिशेबाच्या वहीच्या कोऱ्या पानावर मारला. संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी ते पान बघून गेली. तेव्हापासून आम्ही सरळ ‘मु. पो.’

रँफर्लीचंही असंच. हे यूबर्नच होतं. १८९८ मध्ये आगगाडी आली ती नेझबीला वगळून इथे, आणि गावाला गव्हर्नर लॉर्ड रँफर्लीचं नाव मिळालं. १७ जुलै १९०३ ला इथे उणे २५.६ अंश नोंदलं गेलं, देशातली नीचांकी नोंद. हवामानाच्या तक्त्यात तिच्यापुढे अजून यूबर्न लिहितात. मेंढीचा ओढा एवढ्यापुरता टिकला.

बाकावर एक आजोबा भेटले, आयुष्यभर मेंढरं राखलेले. मी पोस्टांबद्दल विचारते आहे म्हटल्यावर त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये धरली आणि तासभर बोलले. १९८७ मध्ये सरकारने टपाल, फोन आणि बचत बँक वेगळ्या केल्या. पुढच्या वर्षी ५ फेब्रुवारीला, एकाच दिवशी, देशभरची ४३२ पोस्टं बंद झाली. त्यांचंही त्यात गेलं. त्या दिवशी बायका काउंटरशी रांग लावून उभ्या राहिल्या, कुणाचंच काही काम नव्हतं, असं ते म्हणाले. पत्रं नंतरही येत होती, मोटारीने, रस्त्याकडेच्या पेटीत. पण पत्र्याच्या पेटीला कोण विचारणार, गुडघा कसा आहे? उठताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला अप्पांची आठवण आली. ते निवृत्त झाले तेव्हाही शिक्का दुसऱ्या हाती देताना त्यांनी आधी तो धोतराच्या सोग्याने पुसला होता.

चहा ५.५०. थंडच.

शनिवार, सेंट बाथन्स

वारा. डोकं दुखतंय. पेट्रोल ४१, जेवण दोघींचं ६२, खोली १९० (महाग, आणि हीटर अर्धाच चालतो).

ओटुरेहुआला थांबलो. जुनं नाव रफ रिज, म्हणजे खडबडीत धार. इथे उलटं घडलं, इंग्रजी नाव जाऊन माओरी आलं. रेहुआ म्हणजे आपली ज्येष्ठा, वृश्चिकेतली लाल चांदणी. फार बरं वाटलं. गिलख्रिस्टचं किराणा दुकान १९०२ पासूनचं.

सेंट बाथन्स आधी डन्स्टन क्रीक. टेकडी होती, सोन्यासाठी पाण्याच्या झोताने धुऊन धुऊन तिचा खड्डा केला, आता त्यात निळं तळं. पोस्ट १९०९ चं, लाकडी, दुमजली. पायरीवर बसून राहिले. पुढे लिहवत नाही.

रविवार, ओमाकाउ

ओफीरला आलो, पण रविवार, पोस्ट बंद. हे आधी मी बघायला हवं होतं. काचेला नाक लावून आत पाहिलं.

शिस्ट दगडाची लहानशी इमारत, १८८६ ची. गावचं मूळ नाव ब्लॅक्स, ब्लॅक नावाच्या मेंढीवाल्याच्या रानावर सोनं सापडलं म्हणून. १८७५ मध्ये ओफीर केलं, बायबलात शलमोन राजाला जिथून सोनं येई तो देश. आणि गंमत अशी की काही अभ्यासकांनी तो ओफीर म्हणजे आपलं नालासोपाऱ्याजवळचं प्राचीन शूर्पारक मानला आहे. मनुहेरिकिया नदीकाठी, पृथ्वीच्या या टोकाला, सोपाऱ्याच्या नावाची पाटी असेल ही शक्यताच मला पुरली. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, मग विरार लोकल इथवर आली म्हणायची.” दोघी खूप हसलो.

गावातलं हॉटेल मात्र अजून ब्लॅक्सच.

१९०४ मध्ये आगगाडी आली ती नदीच्या अलीकडे, ओमाकाउला. दुकानं इकडे सरकली. पोस्ट तिकडेच राहिलं, म्हणून ते जुनं दगडी रूप टिकलं. खोली १४५.

सोमवार, क्लाइड

ऑगस्ट १८६२ मध्ये हार्टली आणि रायली या दोघांनी इथल्या नदीतलं ८७ पौंड सोनं डनेडिनला नेऊन दाखवलं. नंतर हजारो माणसं डोंगर ओलांडून आली. तेव्हा हे गाव डन्स्टन. १८६५ मध्ये टपाल कचेरीचं नाव बदलून क्लाइड केलं आणि त्याबरोबर गावही क्लाइड झालं. गावाने पोस्टाला नाव दिलं नाही, पोस्टाने गावाला दिलं.

हा क्लाइड म्हणजे सर कॉलिन कॅम्पबेल, लॉर्ड क्लाइड. ६ डिसेंबर १८५७ ला कानपूरला तात्या टोप्यांच्या फौजेचा पराभव करणारा. पाटीखाली उभी राहून मी भाचीला हे सांगितलं आणि आवाज चढला. इथे जन्मलेल्या मुलांना त्या नावात नदी दिसते, पूल दिसतो. मला बिठूरचा घाट दिसतो. नेपियर, हॅवलॉक, हेस्टिंग्ज ही नावंही या देशात गावांवर आहेत. फोटो काढला नाही.

पण डन्स्टन मेलं नाही. डोंगररांग डन्स्टन, इस्पितळ डन्स्टन, शेजारच्या अलेक्झांड्रातली शाळा डन्स्टन. शिक्क्यातून काढलं तरी तोंडातून काढता आलं नाही. संध्याकाळी राग उतरला. व्हिन्सेंट काउंटीची कचेरी याच गावात होती. पहिला अध्यक्ष व्हिन्सेंट पाइक, काउंटीचं नावही त्याचंच.

मंगळवार, ओफीर, सकाळ

उघडं आहे! लाकडी काउंटर, आतल्या दगडी गारव्याला शाईचा वास. इथे पत्रांवर अजून हाताने शिक्का मारतात. तीन कार्डं लिहिली. एक मुलाला, एक मैत्रिणीला, एक गावी दादाला. ‘पो.’ म्हणजे काय, भाचीने विचारलं. पुण्यात पिन कोडाच्या पत्त्यांत वाढलेली ती. काउंटरपाशी उभ्याउभ्या तिला वाडीची सगळी गोष्ट सांगितली. मागे कुणी रांगेत नव्हतं.

दादाच्या कार्डावर मजकूर एक ओळीचा, बाकी जागा शिक्क्यासाठी मोकळी. ठक्‌ असा आवाज झाला, अगदी अप्पांच्या टेबलावरचा. मग वही पुढे केली आणि याच पानावर एक मारून मागितला. गोल आला, स्पष्ट आला. शाई ओली होती म्हणून ओमाकाउ येईपर्यंत वही मांडीवर उघडीच ठेवली.