दोन भाकरी आन् आमटी

ओपीडीत गर्दी असली की डॉक्टर मधुमेहाच्या पेशंटला ‘गोड बंद, भात कमी’ एवढंच सांगून पुढच्या पेशंटकडे वळतात. ते तरी काय करणार? बाकीचं सगळं आहारतज्ज्ञाच्या टेबलावर येतं.

*

करवीर तालुक्यातले एक मामा. काल सकाळपासून काय काय खाल्लं, असं आहारतज्ज्ञ ताईंनी विचारलं.

“काय न्हाई ओ, दोन भाकरी आन् आमटी.”

“भाकरी केवढी?”

मामांनी हातांनी आकार दाखवला. शेजारी बसलेल्या मामींनी ते हात धरून आणखी फाकवले. मग हळूहळू रात्रीचा भात निघाला, चहाबरोबरची खारी निघाली, शेतावर आल्या-गेल्याबरोबर घेतलेले चहा निघाले, सगळे दोन-दोन चमचे साखरेचे. टेबलावर तीन मापांच्या वाट्या होत्या. मामींनी त्यातली मोठी उचलली, “ह्या वाटीनं दोन वाट्या भात.” ताईंनी पेन उचललं ते तेव्हा. भाकरी दीड, भात एकदाच आणि लहान वाटीनं, आमटीत डाळ जास्त, ताटात आधी काकडी-मुळा. हे सगळं ताई मामींकडे बघून सांगत होत्या.

चूल ज्यांच्या हातात आहे त्यांना समोर बसवल्याशिवाय आहाराचा सल्ला देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

*

“साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो,” असं पेशंट सांगतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं. रक्तातली साखर त्यानंही चढते.

*

ज्वारीचंही तेच. मैद्यापेक्षा ती कितीतरी चांगली, तंतुमय. तरी शंभर ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. ‘भाकरी चालते’ हे खरं; ‘कितीही चालते’ हे नाही.

*

तांबडा-पांढरा रस्सा बंद करायला सांगणारा छापील तक्ता कोल्हापुरात मटणाच्या पहिल्याच वारी, बुधवारी मोडतो, फार तर रविवारी. मटणानं साखर लगेच चढत नाही. चढते ती तांबड्याबरोबर पोटात गेलेल्या भाताच्या ढिगानं. पांढऱ्यात खोबरं, काजू. म्हणजे वाटीमागून वाटी पिण्याचा तो पदार्थ नाही. मिसळीतली मोडाची मटकी उत्तम, फरसाण आणि ब्रेडच्या स्लाइस मोजून. इथलं जेवण जाणणारी आहारतज्ज्ञ असा मधला रस्ता काढते. पेशंट पुन्हा येतो तो त्यामुळेच.

*

तालमीतले जुने गडी. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. गंगावेशीतलं म्हशीचं धारोष्ण दूध, बदाम, तूप. मेहनत मात्र वीस वर्षांपूर्वीच थांबलेली.

*

भारतातच झालेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना आहार-व्यायामाचा नेटानं सल्ला दिला, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी. म्हणजे सल्ला गोळीच्या तोडीचा ठरला. गोळी गावच्या मेडिकलात मिळते. सल्ला कुठं मिळतो? नुसतं जेवणाबद्दल विचारायला गगनबावड्याहून एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी घालवून कोण येईल? तालुक्याला निदान एक तरी आहारतज्ज्ञ हवी, आणि फोनवरून पाठपुरावा करायला तिच्याकडे वेळ हवा.

*

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवण्याची पद्धत अनेकांनी धरली, वजनं उतरली. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यानं परस्पर जेवण टाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते: घाम, थरथर, कधी शुद्ध हरपते.

नवरात्रातही हाच धोका. अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास कडक करणाऱ्या घरोघरी आहेत. एकीकडे साबुदाण्यानं साखर उसळते, दुसरीकडे निर्जळीनं पडते. म्हणून घटस्थापनेच्या आठवडाभर आधी यावं. भगर किती, ताक कधी, शेंगदाणे किती हे आहारतज्ज्ञ ठरवेल, त्याप्रमाणे गोळ्यांचा डोस डॉक्टर बदलतील. आणि साखर ७०च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडायचा, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं.