मुधोळची भाची आणि बासरची वाट

मुधोळ म्हटले की आपल्याकडच्या मंडळींना बागलकोटकडचे मुधोळ आठवते. रन्न कवीचे, नाहीतर शिकारी कुत्र्यांचे. मी सांगते आहे ते मुधोळ दुसरे, तेलंगणातले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडते. १९५६ साली निजामाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली, तेव्हा आमचे बीदर म्हैसूरकडे, नांदेड मुंबईकडे आणि आदिलाबाद आंध्रकडे गेले. सोयरिकी मात्र कुणाला वाटता आल्या नाहीत. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मुधोळलाच दिली आहे. तिच्या घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, आणि आम्ही गेलो की मधूनच कन्नडही.

मे महिन्यात भालकीहून उदगीर, देगलूर, बिलोली, धर्माबाद करत आम्ही निघालो. गाडी धाकटा भाऊ चालवत होता. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय अधू झाले. ब्रेक-क्लच हाताने दाबायची सोय त्याने गाडीत करून घेतली आहे, व्हीलचेअर घडी करून मागे टाकलेली असते.

या खेपेला जाण्याचे कारण भाची. तीही व्हीलचेअर वापरते. दहावीला उत्तम गुण मिळाले आणि तिने बासरच्या ट्रिपल आयटीचे नाव काढले. राजीव गांधींच्या नावाचे हे विद्यापीठ २००८ साली निघाले. दहावीच्या गुणांवर प्रवेश, मग सहा वर्षे तिथेच राहून इंजिनिअर व्हायचे. मुधोळपासून बासर जवळच. त्याच बासरला सरस्वतीसमोर दाजींनी तिला मांडीवर घेऊन पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले होते. आता दाजी म्हणत होते, "तेव्हा मी उचलून नेली. सहा वर्षं रोज कोण उचलणार?"

दाजींचे चुकत होते असे मला वाटले नाही. भावाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. (विद्यापीठाचे नाव कशाला घ्या?) दोन वर्षे मित्रांनी त्याला उचलून नेले. मित्र नसतील त्या दिवशी तास बुडे. सकाळपासून तो पाणी पीत नसे, कारण संडासाच्या दारातून खुर्ची आत जात नसे. हे त्याने आईलाही कधी सांगितले नव्हते. त्या रात्री अंगणात भाचीला सांगितले.

गेल्या वर्षी तो पदवीचा दाखला आणायला पुन्हा तिथे गेला. आता रॅम्प झाला होता, निळ्या पाटीवर खुर्चीचे चित्रही होते. पाटीखाली मोटार उभी. "साहेबांची गाडी आहे, पाच मिनिटं थांबा," रखवालदार म्हणाला. पाऊण तास गेला. शेवटी लांब, झाडाखाली गाडी लावून तो गेला. परत येतो तर दाराला खेटून दोन मोटारसायकली. दार उघडेना आणि स्वतःच्या गाडीत स्वतःला बसता येईना! सरकारी नियमावलीत अशा गाडीसाठी ३.६ मीटर, म्हणजे बारा फूट रुंद जागा धरली आहे आणि ती इमारतीच्या दारापासून तीस मीटरच्या आत हवी, ते यासाठीच. दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची उभी राहिली पाहिजे. लोकांना वाटते, दिव्यांगांना मोठी जागा ही मेहेरबानी.

२०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात निदान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. जुन्या सार्वजनिक इमारतींनाही पाच वर्षांत सोयी करायला सांगितले होते, ती मुदत २०२२ मध्येच सरली. सोयींचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. त्या खटल्यात देशभरची पाहणी करून अहवाल दिला तो हैदराबादच्याच नालसार विधी विद्यापीठातल्या केंद्राने.

दाजींनी सगळे ऐकले. "कायदा खरा, पण पायऱ्या दगडाच्या असतात," एवढेच म्हणाले.

सकाळी भावाने अक्काच्या शिवणाच्या डब्यातली टेप मागितली. आधी भाचीची खुर्ची मोजली: पंचवीस इंच. मग घरातल्या न्हाणीचे दार: चोवीस. इतकी वर्षे अक्काच तिला उचलून आत नेत होती. दार एवढे थोडक्यात अडते आहे, हे आम्हां कुणाच्या लक्षात आले नव्हते. ओसरीची पायरी सहा इंच. एकास बाराच्या हिशेबाने तिला सहा फूट लांबीचा उतार लागतो. गवंड्याने मागे घातलेला उतार दोनच फुटांचा, म्हणून खुर्ची मागे घसरायची आणि आम्ही म्हणायचो, पोरगी घाबरते.

भाचीने वहीच्या पानावर प्रश्न लिहिले. वसतिगृहात तळमजल्याची खोली मिळेल का, न्हाणीच्या आणि संडासाच्या दाराचे माप काय, वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का, खानावळीपर्यंत किती पायऱ्या, घरची गाडी कुठवर येईल. काही प्रश्न तेलुगूत, काही मराठीत.

आम्ही निघालो तेव्हा अक्का टेप शोधत होती. डब्यात नव्हती. दाजी मोटारसायकल बाहेर काढत होते, बासरला जाऊन येतो म्हणाले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून टेपचे पिवळे टोक लोंबत होते.