गुणाचं बाळ

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. आमची सासुरवाडी तिथलीच. धाकट्या लेकीच्या वेळी पत्नी माहेरी होती. लेक महिनाभर आधी जन्मली, वजन दोन किलोच्या आत. जन्मताच थोडी रडली, मग झोपली ती झोपलीच. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पोर गुणाची हाय, काई तरास नाय." आम्हीही सुखावलो. पहिला चीक बाळाला बाधतो म्हणून तो पाजलाच नव्हता. नुसता मध चाटवला होता.

संध्याकाळी नर्सबाईंना बाळाचे अंग गार लागले. त्यांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासला. साखर फार उतरली होती. लगेच सलाईनमधून साखर सुरू झाली, वाटीत काढलेला चीक चमच्याने पाजला, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरले. तिसऱ्या दिवशी पोर खणखणीत रडली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

पोटात बाळाला नाळेतून सतत साखर मिळते. नाळ कापली की ती बंद होते. धडधाकट बाळ अंगातल्या साठ्यावर निभावून नेते. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा मधुमेही आईच्या बाळाला ते जड जाते. मेंदूला तर साखर लागतेच. सुस्ती, दूध न ओढणे, अंग गार पडणे, थरथर, झटके या तिच्या खुणा. कधी एकही खूण दिसत नाही. म्हणून अशा बाळाची साखर तपासून घ्यावी लागते.

दुखणे गेले, पण शिक्का राहिला. लेक अक्षर उलटे काढी, तेव्हा नातलग म्हणत, "जन्मताच साखर उतरलेली, डोक्यानं कमीच राहायची." कोणी ताईत सुचवला, कोणी मागच्या जन्मीचे कर्म काढले. बौद्धाच्या घरात हे! पण खरे सांगायचे तर आम्हीही आतून खचलो होतो. तिला अभ्यासाला बसवणेच सोडले होते.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी समजावले. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे अशा जोखमीच्या बाळांची साखर जन्मतः तपासून, उतरली तर उपचार करून, त्यांच्याकडे अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. साडेचार वर्षांच्या वयात साखर उतरलेल्या काही मुलांना नजर आणि हात यांचा मेळ घालणे, लक्ष टिकवणे जड गेले. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. पण तीच मुले नऊ-दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या अभ्यासात ती इतरांच्या बरोबरीनेच होती. हे २०२२ साली कळले. साखर फार उतरून तशीच राहिली, झटके आले, तर मेंदूला इजा होऊ शकते. वेळेवर उपचार झालेल्या लेकराला मात्र 'मंद' म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याची बाजू मांडली. आई आणि बाळाचे ते पहिले दिवस किती मोलाचे, हे त्यांनी जाणले होते. आपण घरी एवढे तरी करू या. पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यावे, चीक पाजावा. मध, गूळपाणी नको. झोपाळू बाळाला उठवून पाजावे. उठलेच नाही, तर आशाताईची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लेक आता चौथीत आहे. पाढे अजून अडखळतात. पण रोज संध्याकाळी आम्ही तिच्याजवळ बसतो आणि ती शिकते.

जयभीम!