भिंतीतलं सॉकेट

मी पडले कॉन्व्हेंटची. 'शेजारधर्म' हा शब्द मेसच्या काकूंकडून कळला आणि त्याचा अर्थ कळला तो नेटवर्क लॅबमध्ये!

लॅनवर एक मशीन ओरडून विचारतं, "अमुक आयपी कोणाचा?" जो "माझा" म्हणेल त्याचा. आयकार्ड कोणी मागत नाही. हा एआरपी 1982 सालचा. तेव्हा लॅनवर मशीन्स मोजकीच, त्यामुळे चालून गेलं. आज आमच्या हॉस्टेलवर कोणी "गेटवे मीच" म्हटलं, की अख्ख्या मजल्याचं नेट त्याच्या लॅपटॉपमधून! एचटीटीपीएसमुळे पासवर्ड सहजी वाचता येत नाहीत, पण नेट अडवता येतंच. फायरवॉल बिचारी बाहेर तोंड करून बसलेली.

आणि दरवेळी हॅकरच लागतो असं नाही हं. मागच्या सेमला परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतली वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचली. झाला लोचा! राउटर स्वतःच डीएचसीपी होऊन पत्ते वाटायला लागला. ज्याची ऑफर आधी येईल ती लॅपटॉप घेतो, त्यामुळे अर्ध्या मजल्याचं नेट गुल. शेजारच्या रूममधल्या मुलीला लेट फी भरावी लागली. घरून येणाऱ्या पैशांत तेवढी जागा नसते, हे हॉस्टेलवाल्यांना काय सांगायचं?

लगेच सूचना आली, रूममधली सॉकेट्सच बंद करा. का म्हणून? स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग असतं. सर्व्हरकडे जाणारा पोर्ट तेवढा विश्वासाचा. रूमकडून आलेली ऑफर स्विच तिथेच टाकून देतो. शिवाय कोणत्या पोर्टवर कोणता मॅक, कोणता आयपी याची वही ठेवतो. डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन ती वही बघूनच "माझा" म्हणणाऱ्याला पकडतं. फक्त ऑफिसच्या प्रिंटरसारखे कायमचे पत्ते हाताने लिहावे लागतात, नाहीतर प्रिंटर मुका.

पोर्ट सिक्युरिटीवर मात्र माझं भांडण आहे. एका पोर्टवर एकच मॅक, दुसरा दिसला की पोर्ट बंद! मैत्रिणीने रविवारी तिचा लॅपटॉप लावला तर सोमवारपर्यंत हात चोळत बसा. मर्यादा तीन ठेवा आणि 'शटडाऊन'ऐवजी 'रिस्ट्रिक्ट' लावा. जास्तीचं मशीन अडतं, नोंद होते, बाकीच्यांचं चालू राहतं. नाहीतरी मॅक बदलता येतो, ते काही आयकार्ड नव्हे.

सरांनी आमच्या मजल्यावर स्नूपिंग चालू केलंय. वरच्या मजल्यावरचा स्विच साधा, अनमॅनेज्ड. त्यात यातलं काहीच होत नाही. नव्या स्विचची मागणी अजून स्टोअरमध्ये पडून आहे.