दोष कुणाचा?

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून दादाचं आणि माझं बोलणं बंद होतं. त्याचं म्हणणं, आई माझ्याकडे असताना पडली, म्हणजे दोष माझा. माझं म्हणणं, गुडघ्यांचं ऑपरेशन त्याने वर्षभर लांबवलं, म्हणजे दोष त्याचा.

अशातच कामानिमित्त बंगळुरूला जाणं झालं. दादाची मुलगी तिथेच शिकते, आनेकल तालुक्यातल्या बुरुगुंटे गावी, अझीम प्रेमजी विद्यापीठात. मोठ्यांचं भांडण तिने कधी मनावर घेतलं नाही. म्हणाली, "आत्या, उद्या आमचं चर्चासत्र आहे. मॅडमची परवानगी काढलीय. मागे बसून ऐक."

विषय होता 'गुंतागुंतीच्या व्यवस्था'. नाव ऐकूनच मला जांभई आली. पण फळ्यावर एकच प्रश्न होता: बेळ्ळंदूर तलाव का पेटला?

फेब्रुवारी २०१७ मध्ये बंगळुरूच्या या भल्यामोठ्या तलावात आग लागली होती. पाण्यात आग!

रसायनशास्त्राचा मुलगा म्हणाला, "प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी." वनस्पतिशास्त्राच्या मुलीने त्यावर माजलेली जलपर्णी आणि काठचं वाळकं गवत दाखवलं. तिसऱ्याने राजकालुव्यांवरची, म्हणजे एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात नेणाऱ्या ओढ्यांवरची, अतिक्रमणं मोजली. इतिहासाची मुलगी म्हणाली, "पूर्वी तळ्याचं पाणी वाटायला नीरगंटी असे. लोक गाळ काढून शेतात टाकत. मग नळ आले. १९७४ मध्ये तर सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीचं पाणी आलं. तळ्याची गरज संपली, तशी काळजीही संपली. आणि नळाचं पाणी वापरून झाल्यावर गेलं कुठे? त्याच तळ्यात!"

मॅडमनी सगळ्या कारणांना बाणांनी जोडलं. फळा कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसू लागला. त्यांनी सांगितलं की, अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९) आणि याच विद्यापीठातल्या हरिणी नागेंद्र यांनी बंगळुरूच्या तळ्यांचा असाच, निसर्ग आणि माणसं एकत्र धरून, अभ्यास केला होता.

"म्हणजे दोष कुणाचाच नाही?" मी भाचीच्या कानात विचारलं.

"एकट्याचा नाही," ती म्हणाली, "म्हणून तर प्रत्येकाला काम आहे."

रात्री मी कागद घेऊन बसले. ओली फरशी, दुखरे गुडघे, लांबलेलं ऑपरेशन, मिणमिणता दिवा, 'मला कुणाचा हात नको' हा आईचा हट्ट. बाण काढता काढता हात थबकला. आईने तीन महिने त्याच्याकडे, तीन महिने माझ्याकडे राहायचं, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. कुणावर भार पडू नये म्हणून! पण त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या आईला दर तीन महिन्यांनी नवं न्हाणीघर अंगवळणी पाडावं लागत होतं. हा बाण वर्षभरात ना दादाला दिसला, ना मला.

माझी चूक त्याने पुसली गेली नाही. फरशी मीच पुसायला हवी होती. पण मी फोन उचलला.

"दादा, न्हाणीघरात आईला धरायला दांडी बसवू या. दोन्ही घरी, एकाच उंचीवर."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "माप सांग."