भाईंदरचे पिंप

मीरा रोड मागे पडले आणि मिठागरे दिसू लागली, की डब्यातले कोणीतरी हमखास म्हणते, "हे डासांचे माहेरघर!" बिचारी मिठागरे! डेंग्यूच्या डासाला तसले खारे पाणी मुळीच रुचत नाही; त्याला हवे आपण पिण्यासाठी भरून ठेवतो तसे स्वच्छ.

भाईंदरला स्नेह्यांकडे उतरलो, तेव्हा शेजारी एकाला डेंग्यू निघाला होता. महापालिकेचा आरोग्य कर्मचारी आसपासची घरे धुंडाळीत आला. त्याने पिंपावर विजेरीचा झोत टाकला. आत अळ्या वळवळत होत्या.

"काकू, नुसते ओतून भागायचे नाही. अंडी काठाला चिकटतात, सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. दर आठवड्याला घासा."

वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. घर आरशासारखे लख्ख, आणि हा आरोप!

१९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापाचा माग असाच घरोघरच्या विहिरींपर्यंत काढला होता. विहिरी बंद करा म्हणताच पुष्कळांचा धर्म आडवा आला. इथे तेवढे झाले नाही. वहिनी मुकाट्याने काथ्या शोधू लागल्या, आणि तो गृहस्थ फ्रिजमागची ताटली ओढून पाहू लागला.