डावीकडून दुसऱ्या

शाळेच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो घरी आला की मोठी माणसं आधी चेहरे पाहत आणि मी आधी खालची नावं वाचत असे. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला कृष्णधवल फोटो, वर शाळेचं नाव नि साल, खाली छापलेल्या ओळी : 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', 'उभे, पहिली रांग'. बोट नावावर ठेवायचं, मोजत मोजत चेहऱ्यावर न्यायचं, पुन्हा नावावर आणायचं. त्यात शिपाईमामांचंही नाव असे. वर्षभर ज्यांना नुसतं मामा म्हटलं, त्यांचं पूर्ण नाव मला त्या पुठ्ठ्यावरच कळलं. चित्राखाली नाव लिहिण्याची ओढ मला लागली ती तेव्हापासून.

घरच्या फोटोंना असा पुठ्ठा नव्हता. आत्याच्या अल्बमची पानं काळी, फोटोंच्या कोपऱ्यांना चिकटपट्टीची त्रिकोणी टोपणं, मध्ये बटर पेपर. आत्या पांढऱ्या शाईने बारीक अक्षरात गाव आणि साल लिहायची. माणसांची नावं मात्र लिहायची नाही. घरातली माणसं, त्यांना काय ओळखायचं! सुट्या फोटोंच्या पाठीवर कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं असे. ते दाबून लिहिलं की अक्षरांचे वळ पुढच्या बाजूला, थेट चेहऱ्यावर उमटत. जुने फोटोग्राफर याहून हुशार. ते काचेच्या निगेटिव्हवर कडेला काळ्या शाईने उलट्या अक्षरांत मजकूर लिहीत आणि छापलेल्या फोटोवर तो पांढराशुभ्र, सुलटा उमटे. नाव आणि चित्र एकाच कागदावर, पुन्हा वेगळं न होणारं.

आत्यानंतर ते अल्बम माझ्याकडे आले. स्कॅन केले तेव्हा संगणकाच्या पडद्यावर शेकडो चेहरे उभे राहिले आणि त्यांतले कितीतरी मला परके होते. एकेक फोटो उघडून माउसने खाली नाव टाकत बसणं शक्य नव्हतं. तेव्हा मी इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर शिकले.

अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जॉन क्रिस्टी यांनी १९८७मध्ये ते लिहायला घेतलं. फक्त २५६ रंग दाखवू शकणाऱ्या पडद्यावर भरपूर रंगांची चित्रं दाखवायची, एवढीच साहेबांची मागणी होती. १९९०मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुलं झालं. त्याला बटणं लागत नाहीत. कमांड लाइनवर एक ओळ लिहायची : कोणता फोटो, कोणता फाँट, अक्षर केवढं, मजकूर कुठे. 'ग्रॅव्हिटी साउथ' म्हटलं की मजकूर तळाशी मधोमध बसतो. 'स्प्लाइस' म्हटलं की फोटोच्या खाली कोरी पांढरी पट्टी वाढते. मला ही पट्टीच प्रिय. नाव चित्रावर लिहिलं तर नऊवारीचे काठ झाकले जातात, खाली बसलेल्या पोरांचे पाय झाकले जातात. पट्टीवर लिहिलं की कुणाचंच काही झाकत नाही.

मराठी मात्र सुखासुखी उमटत नाही. फाँट सांगितला नाही तर नुसते चौकोन येतात. देवनागरी फाँट दिला, तरी 'विठ्ठल'मधली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो. याचं कारण साधं आहे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात : आधी व, मग ऱ्हस्व इकार. डोळ्यांना हवा असतो उलटा क्रम. ही जुळणी करायला वेगळी यंत्रणा लागते. बेहदाद एस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरने वर्षानुवर्षं सांभाळलेली हार्फबझ ही तशी यंत्रणा आहे. शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलणारी फारसी अक्षरं आणि आपली जोडाक्षरं, दोन्ही ती घडवते. अँड्रॉइड फोनवरचं मराठीही तीच जुळवते. तिच्यावर उभ्या असलेल्या पँगो या मजकूर मांडणाऱ्या साधनाकडून मी नावाची पट्टी करून घेते आणि 'अपेंड' म्हणून फोटोखाली जोडते. विठ्ठल विठ्ठलासारखा दिसतो.

खरं काम त्यानंतरचं. माझ्याकडे एक साधी मजकुराची फाईल आहे. दर ओळीत फोटोचा क्रमांक आणि त्याखाली यायचा मजकूर. संगणक ती ओळीओळीने वाचतो आणि नावांसह नवे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो. 'मोग्रिफाय' नावाची आज्ञा थेट मूळ फाईलवरच लिहिते, म्हणून ती या कामात मी वापरत नाही. फोटो नातेवाइकांना पाठवले की फोन येतात. ''अगं, डावीकडून दुसरी मी नव्हे, ती आमची थोरली जाऊ. मी तेव्हा माहेरी होते बाळंतपणाला.'' मी एक ओळ बदलते, आज्ञा पुन्हा चालवते, आणि चहा होईतो सगळा संच नव्याने तयार असतो.

या फोनांमधून सर्वांत जास्त हाती लागली ती बायकांची नावं. पुरुष सहज ओळखले जात. बायका म्हणजे अमक्याची बायको, तमक्याची आई, 'नाशिकच्या काकू'. लग्नात नाव बदललेलं, पुढे तेही कुणी हाक मारण्यापुरतं वापरलं नाही. आता माझ्या पट्टीवर लिहिलेलं असतं : 'रमा, माहेरची इंदू'. ऐंशीच्या घरातली मावशी हे वाचून म्हणाली, ''इंदू म्हणणारं आता कोणी राहिलं नाही गं. लिहिलंस ते बरं केलंस.''

फोटोच्या फाईलमध्ये दडवलेली माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना पुसली जाते. फाईलचं नावही बदलून तारीख आणि आकडे उरतात. चित्रातच उतरलेलं नाव मात्र दहा फोनांतून फिरलं तरी सोबत राहतं. म्हणून ते पक्कं हवं, आणि तरीही चुकलं तर दुरुस्त करता आलं पाहिजे. पाठवायच्या प्रतीवर नाव कोरायचं आणि मूळ फोटो कोरा ठेवायचा, हा नियम दोन्ही गोष्टी साधतो.

भाचीला मी फोटोंच्या आधी ती मजकुराची फाईल दिली आहे. फोटो चुलतभावांच्या घरीही सापडतील, कुठे ना कुठे एखादी प्रत उरेल. डावीकडून दुसरी कोण हे सांगणारी माणसं मात्र हातावर मोजण्याएवढी उरली आहेत. घरात अशी माणसं असतील तर अल्बम घेऊन या रविवारीच त्यांच्याकडे जावं आणि ती सांगतील तसं नाव, माहेर, गाव उतरवून घ्यावं.